जुन्या टीव्हीचा घरगुती प्रोजेक्टर: भिंतीवरचे चित्र फिके, धूसर किंवा उलटे येत असेल तर

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, त्याच्यासमोर पानाएवढे मोठे फ्रेनेल भिंग (वर्तुळाकार चरांचे सपाट प्लास्टिकचे भिंग) आणि दोहोंच्या मध्ये काळे खोके, एवढ्या सामानात भिंतीवर चित्र पाडता येते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांसाठी मुले असे प्रोजेक्टर बनवतात, काही हौशी मंडळी घरीही बनवतात, आणि चित्र मनासारखे आले नाही की ते माझ्याकडे घेऊन येतात. तक्रारी दरवेळी त्याच असतात, आणि त्यांची कारणे बहुतेक वेळा टीव्हीच्या आत नसून बाहेर, म्हणजे अंतरात, भिंगात आणि खोलीतल्या उजेडात असतात. म्हणून पुढील सर्व तपासण्या टीव्हीचे मागचे झाकण न उघडता करायच्या आहेत. झाकण उघडण्याची वेळ आली, तर ते काम मेकॅनिकचे आहे, आणि ती वेळ कोणती हे शेवटी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

लक्षणे

सर्वाधिक आढळणारे लक्षण म्हणजे चित्र येते, पण इतके फिके येते की अंधारातला प्रसंग असला तर भिंतीवर काहीच कळत नाही. दुसरे लक्षण धूसरपणाचे आहे आणि त्याचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात: संपूर्ण चित्र सारखेच पुसट असणे, मधला भाग स्पष्ट पण कोपरे विरघळलेले असणे, आणि चित्र मुळीच न उमटता भिंतीवर नुसता प्रकाशाचा मोठा डाग पडणे. तिसरे लक्षण उलटेपणाचे. कधी माणसांची डोकी खाली असतात, तर कधी माणसे सरळ असूनही अक्षरे आरशात पाहिल्यासारखी दिसतात. चौथे लक्षण असे की टीव्ही उलटा ठेवल्यानंतर चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात हिरवट किंवा जांभळट डाग दिसू लागतो.

टीव्हीतून जळका वास येणे, कडकड आवाज होणे, चित्राच्या जागी एकच तेजस्वी आडवी रेघ उरणे किंवा टीव्ही वारंवार आपोआप बंद होणे, यांपैकी काही दिसत असेल तर मधल्या तपासण्या करू नयेत. प्लग काढून थेट शेवटच्या भागाकडे वळावे.

प्रथम टीव्हीच्याच काचेवर पाहा

भिंग आणि खोके बाजूला करून टीव्हीवरचे चित्र नुसत्या डोळ्यांनी पाहावे. यास काहीच खर्च नाही, पण दोष भिंगाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे एका मिनिटात ठरते. सेट-टॉप बॉक्सचा मेनू किंवा बारीक अक्षरे असलेले एखादे पान लावावे आणि काचेपासून वीतभर अंतरावर डोळे नेऊन अक्षरांच्या कडा तपासाव्यात. अक्षरे तिथेच फुगलेली किंवा पसरलेली दिसत असतील, तर भिंग कितीही मागे-पुढे केले तरी भिंतीवर ती धारदार होणार नाहीत.

मात्र तेवढ्यावरून ट्यूब खराब आहे असे ठरवण्याची घाई करू नये. फिके चित्र उजळ व्हावे म्हणून बहुतेक जण ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही टोकाला नेऊन ठेवतात. ब्राइटनेस वाढवल्याने काळा रंग करडा होतो; पांढऱ्याला जोर देण्याचे काम कॉन्ट्रास्टचे असते. म्हणून आधी काळ्या पडद्याचे दृश्य लावून, काळा खरोखर काळा दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा, आणि मग पांढऱ्या अक्षरांच्या कडा फुगू लागतील त्या जागेच्या किंचित अलीकडे कॉन्ट्रास्ट थांबवावा. त्यापुढे नेल्यास ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांचा झोत जाड होतो, म्हणजे उजेडात थोडी भर पडते आणि स्पष्टता मात्र हातची जाते.

चित्र कृष्णधवल येत असेल किंवा सतत वर-खाली सरकत असेल, तर एचडीएमआयचे एव्हीमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी तपासावी. तिच्या बाजूला पाल आणि एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या दोन पद्धतींतून निवड करणारी बारीक कळ असते. भारतात विकलेले जुने टीव्ही पाल पद्धतीचे आहेत. कळ दुसऱ्या बाजूला असेल, तर ज्या टीव्हीला फक्त पाल कळते त्यावर नेमका हाच दोष दिसतो.

खोलीतला अंधार

चित्र फिके असल्याची तक्रार आली की मी भिंगाआधी खिडकी पाहतो. त्यामागचे गणित समजून घेतले तर पुढचा बराचसा त्रास वाचतो.

भिंतीवर जिथे चित्र पडते तिथे उभे राहून टीव्हीकडे पाहिले, तर भिंग हा एक चौकोनी दिवा दिसतो. त्या दिव्याचे तेज ट्यूबच्या काचेच्या तेजापेक्षा कधीही जास्त असू शकत नाही. भिंग प्रकाश वळवते, निर्माण करत नाही. भिंगाचे क्षेत्रफळ जेवढे मोठे तेवढा भिंतीवरचा उजेड जास्त, आणि भिंगापासून भिंतीचे अंतर जेवढे वाढेल तेवढा तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी. ए-४ आकाराच्या भिंगाचे कामाचे क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर धरा, ट्यूबचे तेज दर चौरस मीटरला १५० कॅन्डेला (तेज मोजण्याचे एकक) धरा, भिंगात थोडा प्रकाश वाया जातो तो वजा करा, आणि भिंत भिंगापासून दीड मीटरवर आहे असे समजा. पूर्ण पांढऱ्या चित्रासाठी भिंतीवर जेमतेम अडीच-पावणेतीन लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) उजेड पोहोचतो. पौर्णिमेचे चांदणे साधारण पाव लक्स असते, म्हणजे हा उजेड चांदण्याच्या दहापट. याउलट चित्रपटगृहाचा पडदा दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेलाच्या आसपास तेजस्वी ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्या भिंतीवर एक कॅन्डेलासुद्धा मिळत नाही.

हा आकडा निराश करण्यासाठी सांगितलेला नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना एवढ्या उजेडातले चित्र नीट दिसते; अट एवढीच की भिंतीवर दुसरा कोणताही उजेड पडता कामा नये. रस्त्यावरच्या दिव्याचा पडद्याच्या फटीतून आलेला पट्टा, दाराखालून येणारा स्वयंपाकघरातला प्रकाश, कोणाच्या तरी हातातला मोबाइल, यांतून भिंतीवर एखादा लक्स सहज पडतो, आणि मग चित्रातला काळा आणि पांढरा यांतला फरकच उरत नाही. म्हणून सर्व दिवे बंद करावेत, खिडक्यांना जाड चादरी लावाव्यात, दहा-पंधरा मिनिटे अंधारात बसावे आणि मगच चित्र फिके आहे की नाही ते ठरवावे. प्रदर्शनाच्या मांडवात दिवसा हा प्रोजेक्टर चालणार नाही. तिथे त्याच्यासाठी काळ्या कापडाची बंदिस्त खोलीच करावी लागते.

अंतर: टेप घेऊन मोजा

भिंतीवर नुसता प्रकाशाचा डाग पडतो आणि चित्र उमटत नाही, तेव्हा भिंग टीव्हीच्या फार जवळ असते. दहावीच्या पुस्तकातला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो: वस्तू बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत असेल, तर पडद्यावर घेता येईल अशी वास्तव प्रतिमा तयारच होत नाही. भिंग सरळ टीव्हीच्या काचेला चिकटवून चित्र मोठे होईल, अशी अपेक्षा अनेकांची असते, आणि ती याच कारणाने पुरी होत नाही.

आधी भिंगाचे नाभीय अंतर काढावे. पाकिटावर छापलेल्या ‘तीन पट’ वगैरे शब्दांवर विसंबू नये. दिवसा खोलीच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर कोरा कागद लावून, भिंग मागे-पुढे करत दूरच्या इमारतीचे किंवा झाडाचे उलटे चित्र कागदावर स्पष्ट पाडावे आणि भिंग ते कागद हे अंतर मोजावे. तेच नाभीय अंतर. हे करताना भिंग सूर्याच्या दिशेने मुळीच धरू नये. एवढ्या मोठ्या भिंगाने एकवटलेले ऊन कागद, कापड आणि टीव्हीचे प्लास्टिक काही क्षणांत पेटवू शकते. त्याच कारणाने प्रोजेक्टर वापरात नसताना भिंगावर नेहमी पुठ्ठ्याचे झाकण असावे, कारण खिडकीतून तिरपे आलेले सकाळचे ऊनही खोक्याच्या आत एकवटू शकते.

समजा नाभीय अंतर ३० सेंटिमीटर आले. चित्र चौपट मोठे हवे असेल, तर ट्यूबपासून भिंग ३७.५ सेंटिमीटरवर आणि भिंगापासून भिंत १५० सेंटिमीटरवर यावी लागते. १४ इंची टीव्हीची दिसणारी काच साधारण २७ सेंटिमीटर रुंद असते; चौपट म्हणजे भिंतीवर सव्वादोन हातांपेक्षा मोठे, १०८ सेंटिमीटर रुंदीचे चित्र मिळाले. आता भिंत दोन मीटरवर नेली, तर भिंग ३५.३ सेंटिमीटरवर आणावे लागेल. म्हणजे भिंत अर्धा मीटर सरकली, पण भिंग केवळ दोन सेंटिमीटर आणि थोडे वर. या आकड्यांवरून कळते की खोके एकाच लांबीचे, घट्ट चिकटवलेले का नसावे. एकात एक सरकणारी दोन खोकी करावीत, भिंग पुढच्या खोक्यात बसवावे, आणि ते पाच-पाच मिलिमीटरने सरकवत स्पष्ट चित्राची जागा शोधावी. ट्यूबचे चित्र काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नसते, जाड काचेच्या आतल्या बाजूला असते, हेही मोजताना ध्यानात घ्यावे.

चित्र पूर्ण जुळले की नाही, याची खूण मी नेहमी भिंतीला नाक लावून पाहतो. पांढऱ्या भागात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या बारीक उभ्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसू लागल्या, तर भिंगाने आपले काम पूर्ण केले आहे. त्या ट्यूबवरच्याच फॉस्फरच्या (झोत पडला की चमकणाऱ्या लेपाच्या) पट्ट्या आहेत आणि त्यापलीकडे स्पष्टता नाही. पालच्या चित्रात दिसणाऱ्या रेषा ५७६ असतात. ८० सेंटिमीटर उंचीच्या चित्रात एका रेषेच्या वाट्याला सुमारे १.४ मिलिमीटर येतात, त्यामुळे जवळून पाहिल्यास रेघा दिसणारच. तो दोष नव्हे. दोन-अडीच मीटर मागे बसावे.

भिंगाची बाजू, धूळ आणि सपाटपणा

फ्रेनेल भिंगाची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी वर्तुळाकार चरांची असते. अंगठ्याचे नख हलकेच फिरवले तर चरांची बाजू लगेच कळते. ती बाजू भिंतीकडे आणि गुळगुळीत बाजू टीव्हीकडे ठेवावी. उलट लावल्यास चित्र येते, पण कडांकडे ते अधिक पसरते. ही तपासणी फुकट आहे आणि भिंग खोक्यात कायमचे चिकटवण्यापूर्वी करायची आहे.

चरांमध्ये धूळ आणि बोटांचा तेलकटपणा अडकला, की काळ्या भागांवर दुधी झाक येते. भिंग कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून हाताने हलकेच धुवावे आणि उभे ठेवून वाळवावे. कापडाने घासू नये. थिनर, अॅसिटोन किंवा स्पिरिट यांचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण त्यांनी प्लास्टिकवर जाळीदार तडे जातात किंवा ते कायमचे धुरकट होते.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे पातळ, वाकणारे भिंग खोक्यात नुसते चिकटपट्टीने लावले, तर ते मध्ये पोक काढते आणि चित्राचा एक भाग स्पष्ट असताना दुसरा पुसट राहतो. फोटोफ्रेमची साधी काच मागे लावून ते चारी बाजूंनी दाबून बसवावे. टीव्हीची काच, भिंग आणि भिंत ही तीनही एकमेकांना समांतर आणि त्यांचे मध्य एका सरळ रेषेत हवेत. चित्राची एक बाजू उंच आणि दुसरी बसकी दिसत असेल, तर टीव्ही भिंतीशी तिरका आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भिंतीवरून भिंगाकडे पाहणे

माझ्या मते ही सर्वात उपयोगी तपासणी आहे आणि ती क्वचितच कोणी करते. टीव्हीवर पूर्ण पांढरे किंवा फिक्या रंगाचे चित्र लावावे. मग चित्र पडते त्या जागी, भिंतीला डोके टेकवून, भिंगाकडे पाहावे. मधोमध उभे राहिल्यावर संपूर्ण भिंग कडेपर्यंत प्रकाशाने भरलेले दिसले पाहिजे. भिंगाच्या एखाद्या कडेला काळी कोर दिसत असेल, तर खोक्याची भिंत, पुठ्ठ्याची घडी किंवा टीव्हीची चौकट तिथला प्रकाश अडवत आहे. चित्राच्या चारही कोपऱ्यांत जाऊन हेच करावे. कोपऱ्यातून पाहताना भिंग अर्धेच उजळलेले दिसले, तर तो कोपरा अंधारा असण्याचे कारण समोरच आहे; खोके रुंद करायला हवे.

याच वेळी खोक्याची आतली बाजूही दिसते. चकचकीत काळ्या कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगात शिरून चित्रावर धुके पसरवतो. आतून चकाकी नसलेला काळा रंग किंवा काळे सुती कापड लावावे आणि सांध्यांमधल्या फटी काळ्या चिकटपट्टीने बंद कराव्यात, कारण खोलीत सांडलेला ट्यूबचा उजेड शेवटी भिंतीवरच येतो. मात्र खोके फक्त टीव्हीच्या पुढच्या बाजूला असावे. मागच्या आणि वरच्या जाळ्या उघड्या राहिल्याच पाहिजेत; संपूर्ण टीव्ही पुठ्ठ्यात बंद करणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे आहे.

एवढे करूनही चित्र फिके असेल, तर चित्र लहान करावे. वरच्याच उदाहरणात चौपटऐवजी दुप्पट मोठेपणा घेतला, तर भिंत ९० सेंटिमीटरवर येते आणि उजेड पावणेतीन पटींनी वाढतो. टीव्हीत काहीही न करता मिळणारी एवढी मोठी वाढ दुसऱ्या कोणत्याही उपायाने मिळत नाही. पिवळट किंवा फिक्या रंगाच्या भिंतीऐवजी स्वच्छ पांढरा, सुरकुत्या नसलेला पडदा लावल्यानेही फरक पडतो, पण तो यापुढे किरकोळ आहे.

व्यावसायिक प्रोजेक्टर ट्यूबनेच चालत होते, मग आपल्यालाच उजेड कमी का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत हेन्री क्लोस यांनी घरगुती प्रोजेक्शन टीव्ही बाजारात आणला, तेव्हा त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन स्वतंत्र लहान ट्यूब होत्या. अशा ट्यूब एकरंगी असतात, त्यांत रंग वेगळे करणारी छिद्रांची जाळी नसते, आणि मुळात त्या प्रक्षेपणासाठीच, कितीतरी जास्त तेजासाठी बनवलेल्या असतात. आपल्या घरच्या ट्यूबमध्ये झोताचा बराच मोठा भाग त्या जाळीवरच अडतो. त्यामुळे ट्यूबचा व्होल्टेज वाढवून ती बरोबरी साधण्याचा विचारही करू नये. त्याने ट्यूब जळतेच, शिवाय क्ष-किरणांचा धोका निर्माण होतो.

उलटे चित्र सरळ करणे

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. टीव्ही सरळ ठेवला असता भिंतीवरचे चित्र फक्त वर-खाली उलटे होते, डावे-उजवे जागच्या जागी राहते. म्हणून टीव्ही उचलून उलटा ठेवला की डोकी वर येतात, पण आता डावे-उजवे उलटते आणि अक्षरे वाचता येत नाहीत. केवळ टीव्ही फिरवून हा दोष कधीच जात नाही.

सर्वात सोपा उपाय असा की टीव्ही सरळच ठेवावा आणि चित्र संगणकावरून द्यावे. व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्स, इफेक्ट्स अँड फिल्टर्स, व्हिडिओ इफेक्ट्स, जॉमेट्री या क्रमाने गेल्यावर ट्रान्सफॉर्म हा पर्याय मिळतो. त्यात ‘फ्लिप व्हर्टिकली’ निवडावे. पुष्कळ जण तिथे १८० अंश फिरवण्याचा पर्याय निवडतात, आणि अक्षरे उलटीच राहिल्याने वैतागतात. फिरवणे म्हणजे टीव्ही उलटा ठेवण्यासारखेच आहे. आपल्याला हवे आहे ते फक्त वर-खाली पालटणे.

चित्र सेट-टॉप बॉक्समधून येत असेल, तर हा मार्ग बंद असतो. मग टीव्ही उलटा ठेवून, भिंतीऐवजी पातळ पांढरे कापड किंवा ट्रेसिंग पेपर ताणून लावावा आणि प्रेक्षकांना कापडाच्या पलीकडे बसवावे. मागून पाहिल्याने डावे-उजवे पुन्हा जागेवर येते. तिसरा मार्ग भिंगासमोर ४५ अंशांत उभा आरसा ठेवून प्रकाश बाजूच्या भिंतीवर वळवण्याचा आहे. साध्या आरशात काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही थोडे परावर्तन होते, त्यामुळे प्रत्येक अक्षराशेजारी त्याची फिकी जोडप्रतिमा दिसते, हे मान्य असेल तरच तो वापरावा.

टीव्ही उलटा ठेवायचा झाल्यास दोघांनी मिळून, प्लग काढून, काच स्वतःच्या छातीकडे धरून उचलावा, कारण सारे वजन काचेच्या बाजूला असते. खाली सपाट आणि भक्कम टेबल हवे. कॅबिनेटची वरची बाजू वजन पेलण्यासाठी केलेली नसते, म्हणून दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या द्याव्यात. एरवी तळाशी असणारे तापणारे भाग आता वर येतात, त्यामुळे चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवावी, तास-दीड तासाने टीव्ही बंद करून थंड होऊ द्यावा आणि चालू टीव्ही सोडून खोलीबाहेर जाऊ नये. टीव्ही पाठीवर आडवा ठेवणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

रंगांचे डाग

टीव्ही उलटा केल्यावर कोपऱ्यात रंगाचा डाग दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ट्यूबच्या तुलनेतली दिशा बदलली, की इलेक्ट्रॉनांचे झोत किंचित सरकतात आणि शेजारच्या रंगाला स्पर्श करतात. रंगीत टीव्हीत हा परिणाम पुसणारी तारेची वेटोळी असते आणि ती टीव्ही थंड असताना सुरू केल्यावर क्षणभर काम करते. टीव्ही रिमोटने नव्हे तर मुख्य स्विचने बंद करावा, अर्धा तास थांबावे, पुन्हा सुरू करावा. गरज पडल्यास हे दोन-तीनदा करावे. जवळ स्पीकर असेल तर तो आधी दूर न्यावा. डाग तरीही गेला नाही, तर मेकॅनिककडे हातात धरायची डिगॉसिंग कॉइल असते, तिने पाच मिनिटांचे काम होते.

कोपरे तरीही पुसट राहिले तर

जुन्या ट्यूबची काच पुढे फुगीर असते, म्हणजे तिचा मध्य भिंगाला जवळ आणि कोपरे लांब असतात. एकेरी भिंगाला सपाट भिंतीवर स्पष्ट चित्र पाडण्यासाठी नेमका याच्या उलट बाक हवा असतो. म्हणून मध्य जुळवला की कोपरे सुटतात, आणि कोपरे जुळवले की मध्य. मध्य आणि कड यांच्या मधला भाग स्पष्ट होईल अशी तडजोडीची जागा धरावी. काळ्या पुठ्ठ्याला मध्ये गोल भोक पाडून तो भिंगावर लावला, तर कोपरे सुधारतात, पण भिंगाचे क्षेत्रफळ निम्मे झाले की उजेडही निम्मा होतो.

काही शाळांत जुने ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) अडगळीत पडलेले असतात आणि त्यांच्या डोक्यावरचे काचेचे भिंग काढून वापरावे असे सुचते. त्याने चित्र खरोखर धारदार येते, परंतु सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाचे क्षेत्रफळ ए-४ भिंगाच्या दहाव्या हिश्श्याएवढेच असल्याने चित्र जवळजवळ दिसेनासे होते. खर्च करायचाच असेल, तर तो सपाट काचेचा, चालू स्थितीतला १४ इंची जुना टीव्ही मिळवण्यावर करावा. २१ इंची टीव्हीचे कोपरे भिंगाच्या मध्यरेषेपासून इतके दूर असतात, की साध्या फ्रेनेल भिंगाला ते झेपत नाहीत.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

टीव्हीच्या काचेवरचेच चित्र पुसट आहे आणि कॉन्ट्रास्ट उतरवूनही ते सुधारत नाही. चित्र उजळायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि तरीही ते मंदच राहते. पांढरट पडद्यावर तिरप्या बारीक रेघा दिसतात. चित्र चारी बाजूंनी आक्रसले आहे. एकच आडवी रेघ उरली आहे. कडकड आवाज किंवा ओझोनचा तिखट वास येतो: यांपैकी कोणतीही गोष्ट आढळली, की आपले काम संपले. एका रेघेचा टीव्ही तर चालू ठेवूच नये, कारण सर्व झोत त्याच पट्ट्यावर पडून फॉस्फर कायमचा जळतो.

ट्यूबला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या ईएचटी ट्रान्सफॉर्मरवर फोकस आणि स्क्रीन अशी दोन बटणे असतात आणि ती फिरवून चित्र सुधारता येते, हे खरे आहे. पण ती झाकणाच्या आत आहेत. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात, ट्यूब स्वतः कपॅसिटरसारखी तो भार प्लग काढल्यानंतरही धरून ठेवते, आणि पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० हून अधिक व्होल्ट डीसी असतात. अनेक टीव्हींत सर्किटचा काही भाग थेट मेन्सला जोडलेला असतो. ट्यूबच्या आत निर्वात असल्याने तिच्या मानेला पान्याचा धक्का बसला तरी काच आतल्या बाजूला फुटून तुकडे उडू शकतात. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना झाकणाच्या स्क्रूला हात लावू देऊ नये.

चित्र पालटण्यासाठी ट्यूबच्या मानेवरील योकच्या (झोत वळवणाऱ्या कॉइलच्या) तारा उलट जोडण्याची युक्तीही याच सदरात येते. टीव्ही सरळ ठेवायचा असेल तर फक्त उभ्या दिशेच्या, उलटा ठेवायचा असेल तर फक्त आडव्या दिशेच्या कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात. तारा बदलल्यावर चित्र एका बाजूला सरकू शकते आणि ते पुन्हा मध्यावर आणावे लागते, म्हणून ते काम मेकॅनिकनेच करावे. पिक्चर ट्यूबचे काम शिकलेली माणसे आता कमी होत आहेत. एलईडी टीव्हीचे पॅनेल बदलणाऱ्या तरुण कारागिरापेक्षा गावातला जुना मेकॅनिक शोधावा. त्याला टीव्ही किती वेळ उलटा चालवला, योकला आधी कोणी हात लावला आहे का, आणि दोष टीव्ही सरळ ठेवल्यावरही दिसतो का, हे तीनही तपशील सुरुवातीलाच सांगावेत.

ट्यूब संपली आहे असे त्याने सांगितले, तर दुसरी ट्यूब बसवण्याच्या खर्चात पडू नये. असा टीव्ही भंगारात फोडायला देऊ नये, कारण ट्यूबच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेला पाहिजे. आपल्या नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी तो ट्यूब अखंड ठेवून, झाकणासह द्यावा, आणि भिंग मात्र काढून ठेवावे, कारण दुसऱ्या टीव्हीसमोर ते जसेच्या तसे चालते.